गाडीखालचा कागद

३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून करायला दुकानात जागा नाही. दुरुस्तीला आलेल्या सहा खुर्च्या पाय वर करून पडल्यात आणि त्यांच्या मधोमध मी. तेव्हा उभ्याउभ्या केलेलाच गोड मानून घे.

फोन मुद्दाम केला नाही. मागच्या वेळी तुझ्याशी फोनवर बोलले तेव्हा शेजारच्या तीन दुकानदारांना आमच्या घरचं सगळं कळलं आणि तुला काहीच कळलं नाही. बेचाळीस वर्षं गॅरेजात इंजिनं ऐकलीस, आता कानांनी संप केला, त्याला तू तरी काय करणार? म्हणून पत्र.

आईला पडून आठ महिने झाले. गुडघ्यात सळई घातल्यापासून पाय फळीसारखा सरळ आहे. काठी घेऊन घरभर फिरते, मला हुकूम सोडते, म्हणजे तब्येत उत्तम. पण साध्या गाडीत तिला बसताच येत नाही. मागच्या सीटवर आडवी बसवली तर पाय बाहेर आणि दार उघडं. ॲम्ब्युलन्समधून एकदा आणली तेवढीच. "आता त्या गाडीत चढेन ती शेवटचीच, आणि तेव्हा मला विचारायला येऊ नका," असं तिने जाहीर केलंय. आणि रोजचं पालुपद एकच: "मला माझ्या भावाला बघायचंय." पाच वर्षं झाली तुम्हाला भेटून. तुझा लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला, तिचा पायाने. पत्र लिही म्हटलं तर म्हणते, या तोंड बघून बोलायच्या गोष्टी आहेत. परवा म्हणाली, "आता आम्हा दोघांतलं एक जण दुसऱ्याला फोटोतच बघणार." म्हणाली हसत, पण मी त्याच दिवशी गाड्या बघायला निघाले.

तर मामा, मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे. त्याच्याकडे एक लांबलचक गाडी उभी आहे. स्टेशन वॅगन. डीलर तिला 'इस्टेट' म्हणतो. आपल्या घराण्यात येऊ घातलेली ही पहिलीच इस्टेट! डिकीच्या जागी चक्क खोली आहे. मागची सीट पाडली की आई पाय लांब करून, पाठीला टेकू देऊन आरामात बसेल. मी गादी शिवेन, पट्टा बसवेन. एरवी माझे सोफे-खुर्च्याही त्यातूनच जातील. रंग ओल्या मातीचा. आधीचे मालक एक मास्तर होते आणि त्यांचे दोन मोठे कुत्रे. हे डीलरने सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं, शिवणीत केस होते.

मी तपासलं ते मला कळतं तेच. सीटचा फोम चांगला आहे, ड्रायव्हरच्या बाजूला जरा बसलाय. कव्हर एकदा उसवून पुन्हा शिवलंय, पण शिवणारा हात कसबी होता. आता बाकीची गाडी कशी बघायची ते तू सांग. डीलर म्हणतो, महिन्याभरात पटली नाही तर परत घेतो. घ्यायची की नाही ते तुझ्या शब्दावर.

मामीला सांग, तिची आठवण येते.

तुझी टिकली

*

८ मार्च

चि. टिकली,

सुखी राहा आणि जमलं तर थोडी शहाणीही हो.

तू सीट बघून गाडी पसंत केलीस. खोगीर बघून घोडा घेणारी माणसं मी ऐकून होतो, आमच्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आईने लहानपणी मला सायकल घेऊन दिली तीसुद्धा घंटी चांगली वाजते म्हणून. चेन तिसऱ्या दिवशी तुटली. म्हणजे हे रक्तातच आहे.

आता नीट वाच. सकाळी डीलरकडे न सांगता जा. गेल्या गेल्या बोलणं नको, चहा नको, आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज की तू यायच्या आधीच त्याने इंजिन तापवून ठेवलंय, आणि तापलेलं इंजिन पाहुण्यासमोर शहाण्या मुलासारखं वागतं. गार असेल तर तुझ्यासमोर चालू करायला लाव. धूर निळा निघाला तर पाठ फिरवून घरी ये. पायाखालच्या पेडलांचं रबर बघ. मीटर थोडं चालल्याचं सांगतंय आणि रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढ. मागे स्टेपनीचा खड्डा असतो, त्यातला गालिचा उचलून हात घाल. ओल लागली तर पाणी शिरतंय. हे काम तुला जमेल, गालिचे उचलण्यात तुझा जन्म गेलाय.

आणि शेवटची परीक्षा माझी स्वतःची. गाडी एक रात्र तुझ्या दुकानापुढे उभी करून घे. पुढच्या भागाखाली वर्तमानपत्राचा मोठा कागद उलगडून पसर. इंजिनची बाजू कुठली ते कागदावर बाण काढून लिही. सकाळी कागद काढ, घडी घालू नकोस, गुंडाळी करून मला पाठव. माणसाचा रक्ताचा रिपोर्ट असतो तसा तो गाडीचा रिपोर्ट. कुठलं तेल, कुठून, किती गळतं ते मी इथे खुर्चीत बसून सांगतो. गॅरेज चालू होतं तेव्हा लोक परगावाहून असे कागद पाठवायचे. आता कोणी पाठवत नाही.

तोवर त्या डीलरला हो म्हणू नकोस. गोड बोलतो ना? गोडच बोलणार.

आक्काला सांग, भाऊ अजून फोटोत जायचा नाही.

मामा

*

१३ मार्च

प्रिय मामा,

सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणे केलं. बॉनेट गार. धूर नाही म्हणण्याइतकाच, आणि निळा नाही. पेडलांचं रबर झिजलंय, पण मीटरही तितकंच बोलतंय, म्हणजे दोघांचं एकमत आहे. स्टेपनीचा खड्डा कोरडा. त्यात कुत्र्यांचा एक चेंडू सापडला.

डीलर मात्र तू समजतोस तसा गोडबिड नाही. उंच, वाळका, पांढरा शर्ट आणि चेहरा परीक्षेचा निकाल लावणाऱ्या मास्तरासारखा. मी पट्टा ओढत होते, गालिचा उपसत होते, तो शेजारी हाताची घडी घालून उभा. शेवटी म्हणाला, "बाई, पाहणी कोणी शिकवली?" मी म्हटलं, मामाने. "मामांना माझा नमस्कार सांगा," म्हणाला. तो पोचवला.

गाडी एक रात्र दुकानापुढे होती. कागद संध्याकाळी पसरला, सकाळी काढला, बाण आधीच काढला होता. मामा, चार डाग पडलेत. मध सांडावा तसे. मला काही कळत नाही. तू सांगशील तसं.

आईने तुझा निरोप ऐकून काठी आपटली, म्हणजे खूश झाली. तिने पिशवी भरून दारामागे ठेवलीय. मी म्हटलं, अगं, अजून गाडी ठरायचीय. तर म्हणाली, "पिशवी भरलेली असली की गाडी ठरते."

लवकर लिही.

टिकली

*

१८ मार्च

चि. टिकली,

कागद मिळाला. खिडकीत धरून तीन वेळा पाहिला.

ही गाडी घेऊ नकोस.

रंग मधासारखा आहे, म्हणजे हे इंजिनचं तेल नव्हे, ते काळं असतं. हे गिअरबॉक्सचं. दोन डाग डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची तेल अडवणारी दोन्ही सीलं गेली. उरलेले दोन मागे, म्हणजे गिअरबॉक्सचं कवचच तडकलं असणार. एका रात्रीत चार ठिकाणी! अशी गाडी गावात मिरवायला ठीक आहे, पण नऊ तासांच्या रस्त्यात तेल संपलं की गिअर जागच्या जागी जाम होतो. मागे आक्का पाय लांब करून बसलेली. मला ते चित्र बघवत नाही.

तू ती विकत घेतली नाहीस हे चांगलं केलंस. मोठ्या माणसाला आधी विचारायची अक्कल तुझ्यात आहे, ती आक्काकडून नक्की आलेली नाही. डीलरला नमस्काराबद्दल नमस्कार, पण गाडी नको म्हणून सांग. दुसरी मिळेल. आक्काची मी समजूत घालेन.

मामा

*

२२ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता लिहितेच.

गाडी मी विकत घेतली होती. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. कागदपत्रं होईपर्यंत ती डीलरच्याच आवारात उभी होती, म्हणून पाहणी तिथे झाली. डीलरकडे आणखी एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, आईचं रोजचं पालुपद कानात होतं, आणि मागची सीट पाडल्यावर जी सपाट जागा झाली ती बघून माझं डोकंच चाललं नाही. घेतल्यावर भीती वाटली, म्हणून तुला विचारलं. न घेतल्यासारखं. मला वाटलं, तू "घे" म्हणशील आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. हे आधी सांगायला हवं होतं. चुकले.

काल परत देऊन आले. डीलरपुढे तुझं पत्र ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि त्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा पाठ मातीने माखलेली आणि हातातला रुमाल स्वच्छ. "कोरडी आहे बाई," म्हणाला. "एक थेंब नाही." मी काय करू मामा? विकणारा माणूस आपल्या ताकाला आंबट म्हणेल का? एकीकडे त्याचा रुमाल, दुसरीकडे तुझी बेचाळीस वर्षं. मी किल्ली टेबलावर ठेवली. त्याने वाद घातला नाही, शब्द दिल्याप्रमाणे व्यवहार उलटा करून दिला. फक्त एवढंच म्हणाला, "परत घेतल्याचं दुःख नाही. गळकी म्हणून परत घेतली, त्याचं आहे."

घरी चालत आले. आईने माझं तोंड बघितलं आणि दारामागची पिशवी उचलून एकेक कपडा कपाटात परत ठेवायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मला दुसरं काम काय आहे." भांडली असती तर बरं झालं असतं.

तू तिची समजूत घालणार होतास ना, ती लवकर घाल.

टिकली

*

२५ मार्च

पोरी टिकली,

हे पत्र मी लिहिलंय हे तुझ्या मामाला कळता कामा नये. ते आंघोळीला गेलेत, तेवढ्यात उरकते.

तुझं पत्र वाचल्यापासून यांचं जेवणात लक्ष नाही. आक्कांनी पिशवी रिकामी केली ही ओळ पुन्हा पुन्हा वाचतात. पण मला वेगळंच सांगायचंय. यांचे कान गेले ते साऱ्या जगाला माहीत आहे. नाक गेलंय ते फक्त मला. मागच्या थंडीत पंधरा दिवस ताप होता, तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आठवड्यापूर्वी दूध जळून भांडं काळं झालं, घरभर धूर, आणि हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले. डॉक्टरांना सांगू देत नाहीत. मला शपथ घातलीय. ती मी आत्ता मोडली.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण चाळीस वर्षं मी यांचे कपडे धुतले. गिअरचं तेल मी अंधारात ओळखेन. कुजक्या गंधकासारखं नाकात घुसतं आणि तीन पाण्यांतून निघत नाही. तुझ्या कागदाच्या डागांना तो वास नाही. दुसराच आहे, ओळखीचा. तू मागे आमची वेताची खुर्ची नीट करून पाठवलीस ना, तिला महिनाभर हाच वास होता. एक डाग कात्रीने कापून सोबत ठेवलाय. तू हुंगून बघ. आधी दुकानाबाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभी राहा, मग हुंग.

आले ते बाहेर. थांबते.

मामी

*

२९ मार्च

प्रिय मामी,

तू देवमाणूस आहेस आणि मी गाढव आहे. ही दोन वाक्यं लिहून झाल्यावर आता नीट सांगते.

तू म्हणालीस तसं बाहेर गेले, चौकापर्यंत चालले आणि मग कागद नाकाला लावला. जवसाचं तेल! मी लाकडाला लावते तेच. माझ्या हातांना, केसांना, उशीला तोच वास आहे, त्यामुळे दुकानात मला तो येतच नाही. मामाला नाक नाही आणि मला असून नसल्यासारखं.

पण खरी शरम पुढेच आहे. खुर्चीच्या पायांना तेल लावताना मी खाली वर्तमानपत्र पसरते. तेल पायांवरून ओघळतं, कागदावर टेकतं. मग तो कागद फुकट कशाला घालवायचा म्हणून घडी घालून पुन्हा गठ्ठ्यात ठेवते. काटकसर! त्या संध्याकाळी त्याच गठ्ठ्यातला एक कागद ओढला, वरच्या अंगाला बाण काढला आणि पुरता उलगडून न बघताच गाडीखाली सरकवला. चार डाग, मामी. चौकोनात. एकमेकांपासून दीड वितीवर. जन्मभर खुर्च्यांचे पाय बघत आले, आणि समोर खुर्ची उमटलेली मला ओळखू आली नाही. मामा बिचारा त्यात गिअरबॉक्स शोधत बसला.

तशीच डीलरकडे पळाले. वाटेत एकच विचार: विकली असेल. विकली असेल. आठ दिवस झाले होते. फाटकातून आत गेले तर रांगेत गाडी नाही. तेवढ्यात तो ऑफिसातून बाहेर आला आणि मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे ती उभी होती. आणि शेडच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने सात वर्तमानपत्रं टांगलेली, प्रत्येकावर लाल पेनाने तारीख आणि बाण. तुझ्या नवऱ्याची परीक्षा त्याने सात रात्री घेतली होती. सातही कागद कोरे.

"जिच्यावर आळ आहे ती गाडी मी रांगेत लावत नाही," म्हणाला. मी त्याला खुर्चीची गोष्ट सांगितली. तो हसेल असं वाटलं, हसला नाही. खुर्ची ओढून मटकन बसला आणि म्हणाला, "सुटलो बाई. आठ दिवस झोप नव्हती." मग दोघंही हसलो. माझ्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याने तो प्रसिद्ध रुमाल पुढे केला.

गाडी दुकानापुढे आहे. आईला अजून सांगितलं नव्हतं, पण दुकानाला लागूनच घर, ती खिडकीतून बघून गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

मामाला वेगळं पत्र लिहितेय. सगळा दोष माझ्या काटकसरीवर घेतलाय. नाकाचं एक अक्षर नाही. तुझी शपथ शाबूत.

टिकली

*

२९ मार्च

प्रिय मामा,

तुझं निदान चुकलं नाही, मी तुला दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट पाठवला. ज्यावर खुर्चीच्या पायांना तेल लावलं होतं तोच कागद मी मूर्खासारखा गाडीखाली घातला. जवसाचं तेल दिसतंच तसं, कोणीही फसेल. डीलरने सात रात्री कागद ठेवले, ते सोबत पाठवतेय. गाडी पुन्हा घेतलीय. या वेळी सांगून.

आता तुझ्या शब्दावर. आईला घेऊन येऊ का?

टिकली

*

२ एप्रिल

चि. टिकली,

सात कोरे कागद मिळाले. इतका सुंदर मजकूर मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

त्या डीलरला माझ्या नावाने सांग: मी त्याच्या गाडीची नाहक बदनामी केली, माफी असावी. माझं गॅरेज चालू असतं तर त्याला भागीदार करून घेतला असता, आणि तो पांढरा शर्ट बदलायला लावला असता.

आता तुझं. "कोणीही फसेल" असं लिहितेस? गिअरचं तेल आणि जवसाचं तेल यांत शिकाऊ पोरगंही फसत नाही. नाक असलं तर. आणि मी जपून ठेवलेल्या कागदावर चारांपैकी तीनच डाग आहेत. चौथ्याच्या जागी कात्रीने गोल कापलेलं भोक आहे. आमच्या घरात कात्री कोणाच्या हातात असते ते मला माहीत आहे. काल मी ते भोक तिच्यासमोर धरलं आणि त्यातून तिच्याकडे बघितलं. ती आधी हसली, मग रडली.

तेव्हा ऐक, आणि हे मीच सांगतो. मला वास येत नाही. पाच महिने झाले. कान गेले तेव्हा लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले, मग कमी बोलायला लागले, मग गाड्यांबद्दल विचारायचे थांबले. नाक गेल्याचं कळलं तर उरलीसुरली माणसंही म्हणतील, म्हाताऱ्याचं आता काय राहिलं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन वर्षांनी कोणीतरी मला गाडी विचारली होती. कागद आला तेव्हा नाकाला लावला, काहीच आलं नाही. त्याच वेळी तुला लिहायला हवं होतं की पोरी, मला हे सांगता येत नाही. नाही लिहिलं. बढाई मारली. त्या बढाईपायी आक्काने पिशवी रिकामी केली, हे मला फार लागलंय.

तू खोटं बोललीस, मी खोटं बोललो, मामीने शपथ मोडली. या सगळ्यात खरं फक्त डीलर बोलला. दिवस काय आलेत बघ.

येऊ का म्हणून विचारतेस? अजून निघाली कशी नाहीस?

मामा

*

१४ एप्रिल

प्रिय आई,

मी बसने सुखरूप पोचले. दुकान जागेवर आहे.

मामाला विचार, गाडी कधी तयार होईल? मी निघताना तो म्हणाला की मागच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय, दोन दिवस ठेवून जा, मी बघतो. मला नऊ तासांत काही वाजलेलं ऐकू आलं नाही, त्याला कसं आलं कोण जाणे! पण त्याचा उत्साह बघून मी किल्ली देऊन टाकली. इथे सहा खुर्च्या तयार होऊन खोळंबल्यात. गिऱ्हाईक रोज डोकावतं.

तुझा पाय कसा आहे? प्रवासाने सुजला नाही ना? तू लिहिणार नाहीसच, मामीला सांग दोन ओळी टाकायला.

टिकली

*

१८ एप्रिल

टिकले,

मीच लिहितेय. अक्षर लागत नसेल तर डोळे बारीक करून वाच.

पाय ठीक आहे. तुझी गादी झकास, नऊ तासांत पाठीने एकदाही तक्रार केली नाही. मीच मनात करत होते. तुला सांगितलं नाही, पण निघाल्यापासून मला धास्ती होती की आपण पोचू आणि फाटकात कोणी नसेल. पाच वर्षं म्हणजे आमच्या वयात फार झाली. मग तू वळण घेतलंस आणि तो दिसला, इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्याच्या मधोमध उभा. मामी म्हणते, सकाळपासून तिथेच होता. किती वाळलाय गं! पण आहे. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या.

आता बेअरिंगचं. ते वाजत नाही. कधीच वाजत नव्हतं.

पहिल्या दिवशी तुम्ही दोघी सामान आत नेत होतात, तेव्हा तो मागून गाडीत चढला, माझ्या शेजारी गादीवर बसला आणि मागचं दार ओढून घेतलं. काचा वर होत्या. मी सवयीने त्याच्या कानाशी ओरडायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. म्हणाला, "आक्का, हळू बोल. इथे मला ऐकू येतंय." घरात पंखा, भांडी, रस्ता, सगळ्याचा गोंधळ होऊन त्याला एक शब्द धड लागत नाही. बंद गाडीत बाकी काहीच नसतं, नुसता माझा आवाज. मी त्याला विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, हो. एवढंच, पण कित्येक वर्षांत न ओरडता झालेलं आमचं ते पहिलं बोलणं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही गाडीत जाऊन बसतो. तो पुढे पाना-हातोडी मांडून ठेवतो, कोणी विचारलं तर दुरुस्ती चाललीय म्हणायला. परवा मामीला आत घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचं सगळं म्हणणं न अडवता ऐकून घेतलं, असं ती म्हणते. आमच्या बाबांच्या गोष्टी निघाल्या, सायकल निघाली, भांडणही झालं. हळू आवाजात भांडायला काय मजा येते!

तुझ्या खुर्च्या खोळंबल्या हे खरं. गिऱ्हाइकाला माझ्या नावाने सांग, थोडं थांबा. तुझा मामा म्हणतो काम मोठं आहे, आणखी आठ दिवस तरी लागतील. मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस.

आई